सत्तेचाळीस अजून यायचंय

माझ्या नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते आणि लिहिताना अनंत म्हणते. लिहिताना तरी एवढी चैन करू द्या. या अनंतने तरुणपणी मासिकांसाठी भविष्याची चित्रं काढली. भविष्याची म्हणजे ज्योतिषातली नव्हेत. अग्निबाण, उडत्या तबकड्या, चंद्रावरच्या वसाहती, लोखंडी नोकर, असली. माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता आणि पाच-दहा वर्षांत आपणही जाऊ, असं मुलुंडमध्येसुद्धा पुष्कळांना वाटत होतं. त्यामुळे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर या चित्रांना मागणी असायची.

मला त्यातलं फारसं पटायचं नाही आणि मी ते सांगायची. अनंतच्या भविष्यात सगळं गोल. घरं गोल, दारं गोल, खिडक्या गोल. गोल घरात कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. त्याच्या मंगळावर पाण्याची वेळ नसायची आणि तिथल्या बायकांपैकी एकीच्याही हातात भाजीची पिशवी नसायची. नाक मात्र बहुतेकींचं माझं होतं, कारण फुकटात समोर बसणारी दुसरी कोणी नव्हती. शाळेतून दमून यावं तर हा मला स्टुलावर बसवायचा आणि छताकडे बघायला सांगायचा. का, तर तिकडून यान उतरतंय. मी इतिहास शिकवायची. तिला मागचं, त्याला पुढचं, मग आजचं कोण बघतंय, असं माझी सासू म्हणायची. पण आमचं बरं चाललं.

पुढे ती मासिकं बंद पडली. अनंत जाहिरात कंपनीत लागला, साबणाच्या वड्या आणि तेलाच्या बाटल्या काढून रिटायर झाला. मूळ चित्रं छापखान्यातून परत मागायची तेव्हा रीतच नव्हती, त्यामुळे त्याच्याजवळ स्वतःचं एकही चित्र उरलं नाही. त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीच करायची.

यंदा फेब्रुवारी संपता संपता गंधाली नावाच्या मुलीचा फोन आला. जुहूच्या एका कलादालनात जुन्या मासिकांतल्या भविष्यचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मांडणी तिच्याकडे होती. भाऊरावांच्या घरून तिला चित्रांचा एक गठ्ठा मिळाला होता. भाऊराव म्हणजे एका विज्ञान मासिकाचे संपादक. अनंतला पहिलं काम त्यांनी दिलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांच्या मुलीने, मृणालिनीने, घर रिकामं करताना तो गठ्ठा गंधालीच्या हवाली केला होता. त्यातल्या एका मोठ्या चित्रावर नुसती 'अनंत' अशी सही होती. इकडे तिकडे विचारत पोरगी आमच्यापर्यंत पोचली होती. चित्र काकांचंच आहे ना, एवढं येऊन सांगा, म्हणाली.

अनंत तर हवेतच होता. जुहूला जायच्या दिवशी त्याने ठेवणीतला झब्बा काढला आणि टॅक्सी यायच्या कितीतरी आधी खाली जाऊन उभा राहिला. माझा जवळचा चष्मा त्या गडबडीत घरीच राहिला.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मुलुंडच होतं ते. मागचा डोंगर जसाच्या तसा. त्याच्या अलीकडे उंचच उंच मनोरे, मनोऱ्यांमधून हिंडणाऱ्या माशाच्या आकाराच्या गाड्या, गच्चीवर उतरणारी माणसं आणि वर झेंडूच्या रंगाचं आभाळ. प्रत्येक खिडकीतून एकेक चकचकीत दांडा तिरका बाहेर आला होता. या अँटेना, गंधाली म्हणाली, त्या काळच्या चित्रांत अँटेना हव्यातच. मला चष्म्याविना ते नुसते चमकणारे ठिपके दिसत होते. खाली कोपऱ्यात सही होती आणि सहीखाली अनंतच्याच वळणदार अक्षरात 'मुलुंड, १९४७'.

कलादालनाचा एक सल्लागार होता, देवेश म्हणून. तो इतका नम्र होता की मला रागच आला. अडचण या सालाची आहे, असं त्याने समजावून सांगितलं. या तऱ्हेची चित्रं आपल्याकडे बरीच नंतर आली. कागद आणि रंगही त्याला सत्तेचाळीस सालचे वाटत नव्हते. तेव्हा एक तर साल खोटं, नाहीतर हे काम अनंत नावाच्या दुसऱ्याच कोणा जुन्या माणसाचं. सरांना काही आठवतंय का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

अनंत चित्राला नाक लावून उभा होता. तो मागे वळला.

"साल बरोबर आहे," तो म्हणाला. "मीच घातलंय."

"पण सर, सत्तेचाळीस साली आपण किती वर्षांचे असाल?"

चार, असा हिशोब माझ्या मनात होऊनही गेला होता. अनंतने मात्र हिशोब केला नाही. तो शांतपणे म्हणाला, "सत्तेचाळीस अजून यायचंय."

  मी उगाचच हसले आणि यांना थट्टेची फार सवय आहे म्हणाले. पण अनंत थट्टा करताना डावी भुवई उचलतो, आणि भुवई जागच्या जागी होती.

परतीच्या टॅक्सीत मी त्याला विचारलं, अहो, सत्तेचाळीस यायचंय म्हणजे काय? तो म्हणाला, यायचंय म्हणजे यायचंय. मी म्हटलं, ते येऊन गेलं, आपण तेव्हापासून दर वर्षी झेंडा लावतोय.  खिडकीबाहेर मेट्रोचे खांब बघत तो म्हणाला, "ते मला माहीत आहे गं. पण हेही बरोबर आहे. का बरोबर आहे, ते आत्ता येत नाहीये."

 चुकीचं बोलणारा माणूस मला चालतो, आयुष्यभर चुकीचं बोलणाऱ्यांचे पेपर तपासलेत मी. पण अनंतच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते वर्गात कधी बघितलं नव्हतं. ओळखीचं घर समोर आहे आणि दार सापडत नाही, असा तो चेहरा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात मी शहाण्यासारखी वागू लागले. आवाज चढवेना. टॉवेल पलंगावर पडला तर गुपचूप उचलून वाळत घालू लागले. आमटीत मीठ कमी आहे असं तो म्हणाला तर मीठ आणून दिलं. चार-पाच दिवसांनी अनंतनेच मला विचारलं की तुला बरं नाही का, डॉक्टरकडे जाऊन येऊ या का.

खरं तर मी पहारा करत होते. त्याचं काय काय चुकतं ते बघत होते आणि बघायला बसलं की सगळंच दिसतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणं. वाण्याकडे जाऊन साबणाऐवजी खारी घेऊन येणं. शेजारच्या सुलक्षणाला तिच्या जावेच्या नावाने हाक मारणं. हे सगळं तो तिशीपासून करत आलाय आणि मी त्यावरून त्याला तिशीपासून बोलत आलेय. आता मात्र प्रत्येक चूक मी मनात टिपून ठेवत होते. त्यातून सुलक्षणाने तिच्या सासऱ्यांची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, एका सालावरून. त्यांना अडुसष्ट वाटायचं, यांना सत्तेचाळीस, एवढाच फरक, म्हणाली. बाई मनाने चांगली आहे, पण तिला घरात घेऊ नये.

मी त्याची परीक्षाही घेतली. सहज विचारल्यासारखं करून आजची तारीख विचारली, वार विचारला. एके दिवशी शंभरातून सात, मग पुन्हा सात, असे वजा करायला सांगितले. डॉक्टर लोक हे विचारतात असं ऐकलं होतं. अनंतने त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं दोनापर्यंत नीट नेलं आणि आता तू कर म्हणाला. मी एकोणऐंशीच्या पुढे अडकले. यात हसण्यासारखं होतं, पण तो हसला नाही आणि मीही हसले नाही.

कारण तो बदलला होता. आमचा अनंत बोलका. पेपरातल्या बातमीवर बोलेल, मांजरावर बोलेल, कोणी नसेल तर पंख्याशी बोलेल. तो गप्प झाला. कोणी काही विचारलं की आधी थांबायचा, मनात जुळवून बघायचा आणि मग 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा. हातात पेन आलं की पेपरच्या कोऱ्या जागेत यानं काढायची त्याची सवय. तीही बंद झाली.

आमचा मुलगा अनय चेंबूरला राहतो. त्याला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी मला रागावला, की आई, तू बाऊ करतेस. मग संध्याकाळी स्वतःच आला, बाबांशी तासभर क्रिकेटवर बोलला आणि खाली गेल्यावर मला फोन करून म्हणाला की घाटकोपरला चांगले डॉक्टर आहेत, पाडवा झाला की नेऊ या.  लहानपणी याच मुलाने वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा पुढचं सगळं बघून आलेत.

मार्चच्या मध्यावर गंधालीचा पुन्हा फोन आला. चित्राखालच्या पाट्या छापायला जायच्या होत्या. चाचरत म्हणाली की साल जुळत नाही तोवर काकांचं नाव घालता येणार नाही, देवेश म्हणतोय 'चित्रकार अज्ञात' घालू. मी तिला थांबायला सांगितलं आणि अनंतला विचारलं. एकदा एका अंकात मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं नाव छापायचं राहिलं म्हणून हा माणूस छापखान्यात जाऊन बसला होता. सगळ्या प्रतींवर रबरी शिक्का मारून घेतल्याशिवाय उठला नव्हता. आता तो म्हणाला, "लिहू दे अज्ञात."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. चित्र गेलं तर गेलं, असल्या चित्रांशी माझं कधीच फार सख्य नव्हतं. पण स्वतःचं नाव सोडून देणारा अनंत मला ओळखीचा वाटेना.

पाडवा रविवारी आला. अनय सकाळीच आला आणि गुढी त्याने बांधली. आमच्याकडे गच्ची नाही, खिडकीच्या ग्रिललाच वेळूची काठी तिरकी बांधतो आम्ही. वर जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि तांब्या पालथा. दर वर्षी हे काम अनंतचं. यंदा तो खुर्चीत बसून बघत होता. गाठ सैल आहे, एवढंसुद्धा म्हणाला नाही. आणि ती सैल होती.

पूजेनंतर आमच्या घरी पंचांग वाचायची पद्धत आहे. माझ्या सासऱ्यांपासूनची. नव्या वर्षाचं फळ घरातल्या कर्त्या माणसाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी हातात कडुलिंबाची गोळी घेऊन ऐकायचं. अनंत ते झकास वाचतो. यंदा पाऊस मध्यम, धान्य उदंड, राजे लोकांत कलह, असं सगळं नाटकातल्यासारखं, आणि मधे मधे स्वतःच्या पदरचं घालून. मी पंचांग देवासमोरून उचललं. त्याने सवयीने हात पुढे केला. मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

वाचताना तो अडखळला, अनयसमोर अडखळला तर मला सोसणार नव्हतं. म्हणून मीच चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ कोणी ऐकत नाही. ती धडाधड म्हणून पुढे जायचं असतं.

"श्रीमन्नृपशालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर. या वर्षीचा राजा रवि..."

आणि मी थांबले.

अनयला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी आणायला उठला. मी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. शके १९४७. लाल अक्षरात, ठळक. आमच्या घरात दर वर्षी हे पुस्तक येतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर पानावर शके असतो. घरात येणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर तो असतो. मी सगळ्या पत्रिका वाचते आणि शके सोडून देते. आपण सगळेच सोडून देतो. तीस वर्षं मुलांकडून १९४७ घोटून घेणाऱ्या बाईला हा आकडा दिसला की तिला ऑगस्ट दिसतो, दुसरं काही दिसतच नाही.

मी वर बघितलं. अनंत खुर्चीतून अर्धा उठला होता.

"भाऊराव," तो म्हणाला.

दार सापडलं होतं. मग तो जो बोलत सुटला तो सुटलाच. भाऊरावांनी पंच्याहत्तर साली पाडवा विशेषांक काढला होता. पन्नास वर्षांनंतरचा पाडवा, असा विषय. आणि भाऊरावांची अट, की इंग्रजी साल घालायचं नाही. अग्निबाण आपला, आभाळ आपलं आणि साल मात्र साहेबाचं, हे त्यांना चालणार नव्हतं. तेव्हा शके अठराशे सत्त्याण्णव चालू होता, त्यात पन्नास मिळवले. अनंतने म्हणे तेव्हाच शंका काढली होती की लोक याला स्वातंत्र्याचं साल समजतील, निदान आधी 'शके' तरी लिहू. भाऊराव म्हणाले होते, पाडव्याच्या अंकावर शके नाही कळणार तर मग वाचक कसले.

"त्या दिवशी ते दांडे बघून माझ्या डोक्यात काहीतरी हलत होतं," अनंत म्हणाला. "तेवढ्यात तो पोरगा वय विचारायला लागला आणि सगळं गेलं."

मला भाऊरावांचा असा राग आला की ते असते तर मी आत्ताच्या आत्ता गाडी करून गेले असते. आख्ख्या महिन्याची झोप उडवली त्या माणसाने, तीही मेल्यावर. आणि त्याच वेळी छातीवरून कोणीतरी पाटा उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं. मी पंचांग हातात धरून हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अनय एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे बघत होता. त्याला समजावून सांगायला आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो.

अनयने गंधालीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सुट्टीच्या दिवशीही ती कलादालनातच होती. मी तिला शके सांगितला. पलीकडे थोडा वेळ नुसता पावलांचा आवाज आला. ती चित्रापाशी गेली असावी.

"काकू," ती म्हणाली, "त्या अँटेना नाहीयेत."

सगळ्या खिडक्यांतून गुढ्या होत्या. चकचकीत दांडा, त्यावर पालथा तांब्या, खाली चंदेरी कापड आणि डहाळासुद्धा, अगदी बारीक हिरव्या ठिपक्यांचा. चाळीस मजल्यांचे मनोरे आणि प्रत्येक खिडकीत गुढी, आणि उडत्या गाड्या गुढ्यांना धक्का न लावता जपून जाताहेत. माझ्याही घरी आत्ता गुढी उभी आहे यार, आणि मी यांना अँटेना म्हणत बसले, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं की पाट्या छापून आल्या आहेत. आता देवेशची वाट लागली, ती आनंदाने म्हणाली, नव्या छापायला त्यालाच पाठवते. नाव पूर्ण कसं घालायचं, असं तिने विचारलं. अनंतने स्पेलिंगसकट सांगितलं आणि वर, आधी शके लिहा, अशी तंबी दिली.

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी गेला, गुढीची सैल गाठ सोडून त्याने पुन्हा बांधली आणि समोरच्या नव्या टॉवरकडे बघत उभा राहिला. मनोरे आले म्हणजे, तो अनयला म्हणाला, फक्त गोल नाही आले. मी त्याला सांगितलं की नाही आले ते बरं झालं, आणि तो पलंगावरचा टॉवेल आधी उचला. माझा आवाज सुलक्षणाच्या घरापर्यंत गेला असेल. जाऊ दे.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही. अनय नको म्हणत होता, पण मला एकदा कोणीतरी खुर्चीत बसून सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच घाटकोपरला गेलो. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, चित्रं दाखवली, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. अनंतने घड्याळाला उगाचच पंख काढले. मग सध्या कोणतं साल चालू आहे, असं त्यांनी विचारलं.

"कोणतं सांगू? आपलं की इंग्रजी?" अनंतची डावी भुवई वर होती.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही सांगा. त्याने दोन्ही सांगितली. आपलं बरोबर आहे का हे बघायला डॉक्टरांना मोबाइल काढावा लागला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की यांचं डोकं वयाच्या मानाने उत्तम आहे, चष्मा तर मीही शोधतो, पण कान एकदा तपासून घ्या. जुनं एखादं कारण पटकन न आठवणं आणि आजार होणं यात फरक असतो, आणि लोकांनी भोवती उभं राहून विचारलं की भल्याभल्यांचं येत नाही. मला त्या डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने ते अनयपेक्षाही लहान होते, म्हणून नाही पडले.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. आम्ही बाकड्यावर बसलो. ऊन होतं, पण आत पंखा होता आणि रस थंडगार होता. अनंतने अर्धा पेला संपवला आणि खाली ठेवला.

"तुला वाटलं होतं ना, माझं डोकं गेलं?"

खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"मलाही वाटलं होतं," तो म्हणाला. तो पेल्याकडे बघत होता. "जुहूहून आल्यापासून रोज सकाळी जाग आली की मी डोळे उघडायचो नाही. आधी मनात तुझं नाव म्हणून बघायचो. ते आलं की मग उघडायचो."

महिनाभर सकाळी मी त्याच्या शेजारी जागी पडून असायची. त्याचे मिटलेले डोळे बघत असायची. आज उठल्यावर हा मला काय म्हणेल, या भीतीने श्वास धरून असायची. एका पलंगावर दोघं जागे होतो आणि दोघं झोपल्याचं सोंग करत होतो. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. रसवाला बघत असताना मी त्याचा हात धरला, जो मी रस्त्यात कधी धरत नाही.

"उद्यापासून मोठ्याने म्हणा," मी म्हटलं. "मी जागीच असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे मिटलेलेच ठेवून हाक मारली, "नीला."

मी ओ दिली.